काम नाही तर भत्ता: जालना जिल्ह्यातील एका हक्काची हकिकत

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. काम मागूनही ज्याला काम मिळाले नाही अशा ग्रामीण मजुराला बेरोजगारी भत्ता देण्याची जबाबदारी त्या दिवसापासून राज्य शासनावर आली. भत्त्याची किमान रक्कम दिवसाला एक रुपया होती. तेवढ्यावर घर चालणार नाही हे कायदा करणाऱ्यांना आणि मजुरांना सारखेच ठाऊक होते. तरी भारतात शेतमजुराच्या बेकारीचा खर्च सरकारने उचलावा असे कायद्यात लिहिले गेले ते महाराष्ट्रात, आणि त्या लेखणीला धार आली होती ती १९७२ च्या दुष्काळाने. त्या दुष्काळाच्या झळा ज्या मुलखाने सर्वाधिक सोसल्या, त्यात आजचा जालना जिल्हा मोडतो.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके वेगळे झाले. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना, उत्तरेला पूर्णा अशा नद्या असूनही जिल्ह्याची बहुतेक शेती कोरडवाहूच राहिली. सरासरी पाऊस ६५० ते ७५० मिलिमीटर, आणि दुष्काळी वर्षात तो ४०० ते ४५० पर्यंत खाली येतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर या पट्ट्यात ऊस आला, अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. भोकरदन, जाफराबादकडे मात्र आभाळाकडेच पाहावे लागे.

अशा शेतीत बेकारी तारीख सांगून येते. मृगापासून पेरणी, मग निंदणी-खुरपणी, दसऱ्यापासून कापसाची वेचणी, होळीच्या आगेमागे ज्वारी-हरभऱ्याची काढणी. होळी झाली की पुढच्या मृगापर्यंत मजुराच्या हाताला काम नाही. कारखान्यातल्या कामगाराची नोकरी अचानक जाते, शेतमजुराची दरवर्षी ठरल्या महिन्यात जाते. म्हणून त्याच्यासाठीची योजना विम्यासारखी करून भागणारे नव्हते, आणि ती तशी झालीही नाही. इथे आधी काम द्यायचे, ते देता आले नाही तर भत्ता, असा क्रम ठरला. भत्ता हा मजुराला दिलेला आधार कमी आणि काम न काढणाऱ्या प्रशासनाला केलेला दंड अधिक होता. त्याचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून उलगडतो.

काम देऊन माणसे जगवण्याची कल्पना जुनीच. इंग्रजी मुलखात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ खरा आहे की नाही हे ताडायला आधी कसोटीची कामे काढायची, मजुरी मुद्दाम कमी आणि श्रम मुद्दाम जड ठेवायचे, आणि तरीही लोक आले तर दुष्काळ मानायचा, असा त्यांचा हिशेब होता. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यात होते. तो भाग सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी दुष्काळी काम म्हणजे सरकारची मेहेरबानी हा समज बदलला नव्हता. कलेक्टरने दुष्काळ जाहीर केला तर काम, पावसाळा सुरू झाला की काम बंद, आणि मधल्या काळात कुणालाच काही मागता येत नसे.

तो समज मोडण्याची सुरुवात जालन्यापासून दूर झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे एक प्रयोग मांडला: गावात ज्याला काम हवे त्याला ते द्यायचे, आणि ते जमिनीला उपयोगी पडेल असे असावे. दुसरीकडे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा मार्ग सुचवला. वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना जाहीर केली, आणि त्याच वर्षी पाऊस फिरला.

बाहत्तरचा दुष्काळ मराठवाड्यात अजून वर्षाच्या नावानेच ओळखला जातो. त्याआधीची दोन वर्षेही तुटीची होती, त्यामुळे घरात दाणा उरला नव्हता. नवी योजना बाजूला राहिली आणि राज्यभर दुष्काळी कामे सुरू झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, आणि काहीच सुचले नाही तिथे खडी फोडणे. रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे तसेच पडून राहिले. एवढे श्रम कुठे गेले असा सवाल अभ्यासकांनी केला तो या ढिगांकडे बोट दाखवूनच. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी, या दोन शब्दांवर त्या पिढीच्या बहुतेक आठवणी येऊन थांबतात. मजुरांनी मोर्चे काढले, मजुरी वाढवा, आठवड्याचा पगार आठवड्याला द्या अशा मागण्या केल्या. सरकारकडे काम मागायची सवय लोकांना इथे लागली. एरवी कलेक्टर कचेरीची पायरी न चढलेल्या बायाबापड्या घोळक्याने तिथे जाऊ लागल्या. कायद्याला बळ मिळाले ते या सवयीतून, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दुष्काळ सरल्यावर १९७४ पासून रोजगार हमी पुन्हा मार्गी लागली. पैशाची सोय करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापले जाणारे हे पैसे आणि तेवढीच राज्याची भर मिळून रोजगार हमी निधी उभा राहिला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकातली ती छोटीशी कपात अंबड तालुक्यातल्या पाझर तलावाच्या भिंतीत जात होती. ते त्या कारकुनाच्या क्वचितच लक्षात आले असेल.

१९७७ चा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे. सलग तीस दिवस काम करायची मजुराची तयारी हवी. दिवसांना वरची मर्यादा नव्हती. मजुरी दरसूचीप्रमाणे, म्हणजे मोजमापावर, आणि बाईला पुरुषाइतकीच. साधारण ताकदीच्या माणसाने सात तास काम केले तर त्याला किमान मजुरी पडावी असा दर बांधायचा होता. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुले सांभाळायची सोय, प्रथमोपचार हेही आलेच. यातले सर्वांत जास्त काय पाळले गेले असेल तर पाणी. कामावर बायका निम्म्याच्या आसपास असत, आणि झाडाला झोळी बांधून तिच्यात निजवलेले मूल हीच बहुतेक ठिकाणी मुलांची सोय होती.

आता भत्त्याचा दावा. तो कसा करायचा हे कायद्यात सोपे होते. आधी गावात नाव नोंदवायचे, मग काम मागण्याचा अर्ज द्यायचा, अर्जाची तारखेसह पोच घ्यायची. पंधरा दिवसांत कामाचे पत्र आले नाही तर सोळाव्या दिवसापासून भत्ता लागू. अडचण सुरू होई ती पोच मागताना. अर्ज तोंडी घेतला जाई, किंवा कागद ठेवून घेऊन तारीख टाकली जात नसे, किंवा मजूर एकत्र आले की अर्ज करू असे सांगितले जाई, कारण काही मोजके मजूर असतील तर नवे काम काढायचे नाही असा नियम होता आणि त्यासाठी पन्नासांचा गट लागे. पोच नाही म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवातच नाही. दुसरीकडे, गळ्याशी आले की तहसील कार्यालय शेल्फवरचे, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेले, एखादे लांबचे काम दाखवी. कायद्याने हमी जिल्ह्यात कामाची दिली होती, मजुराच्या शिवारात नव्हे. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या कामावर लेकुरवाळी बाई गेली नाही तर काम नाकारल्याची नोंद होई आणि भत्त्याचा प्रश्न मिटे. एकूण काय, हमीच्या चार-पाच दशकांत भत्ता प्रत्यक्ष हातात पडल्याची उदाहरणे राज्यभरातच फार थोडी आहेत.

मग त्या तरतुदीचा उपयोग काय झाला? झाला, आणि चांगला झाला. मजुरांच्या संघटनांना अधिकाऱ्यापुढे ठेवायला एक कागद मिळाला. पन्नास जणांनी सह्या-अंगठे करून तारखेसह पोच घेतली की भत्त्याचा खर्च अंगावर घेण्यापेक्षा काम काढलेले बरे, असे तहसीलदाराला वाटे. भत्ता न मिळताही तो मजुराच्या कामी आला. १९७९-८० मध्ये राज्यात योजनेखाली सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झाले, तो आकडा नंतर बराच काळ पुन्हा गाठला गेला नाही.

तो आकडा खाली का आला याची गोष्ट वेगळी आहे. मे १९८८ मध्ये शेतमजुरांची किमान मजुरी वाढली आणि तिच्याबरोबर हमीची मजुरीही जवळपास दुप्पट झाली. आता जास्त लोक कामाला यायला हवे होते, पण खर्च हाताबाहेर जाईल या धास्तीने कामे कमी काढली जाऊ लागली. कागदावर हक्क तोच राहिला. मजुराने अर्ज करूनही काम न निघणे हे इथून नेहमीचे झाले.

काम संपल्यावर काय, या प्रश्नाला जालन्यात दोन उत्तरे सापडली. एक मजुरांचे, एक जमिनीचे.

मजुरांचे उत्तर होते ऊसतोड. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कधी कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, आणि ती बहुधा लग्न, दवाखाना किंवा घराच्या पत्र्यांत तिथेच खर्च होते. हंगामभर तोडणी करून उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. रोजगार हमी आणि ऊसतोड यांचा मेळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. फड मार्च-एप्रिलमध्ये संपतो, हमीचे काम उन्हाळ्यात लागते, पेरणी मृगात. वर्ष असे तीन तुकड्यांत विभागून घेतले की बेकारीचा महिना उरत नाही. पण हे गणित उन्हाळ्यातले काम वेळेवर निघण्यावर उभे आहे. ते निघाले नाही तर पावसाळ्यापूर्वीच दुसरी उचल घ्यावी लागते, आणि मग मुकादमाचा शब्द मोडता येत नाही. हमीचे काम गावात असेल त्या वर्षी मुकादमाशी घासाघीस करायची ताकद मजुराला येते. मजुरीपेक्षा हा फायदा मोठा आहे, पण तो कोणत्याच हजेरीपत्रकात दिसत नाही.

बायांसाठी आणखी एक वाट होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात फुले हाताने परागित करावी लागतात, आणि ते काम बायकांच्या हातचे. महिना-दोन महिने रोजची मजुरी त्यातून सुटे. पीक निघाले की तेही थांबे.

जमिनीचे उत्तर हळूहळू आले. १९९० पासून रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडण्यात आली. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात खड्डे, लागवड, निगा यांची मजुरी आणि कलमांचा खर्च मिळू लागला. जालन्यात मोसंबीच्या बागा वाढल्या त्यात या योजनेचा हात आहे. मोसंबीला मात्र पाणी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या कित्येक बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी झाडे तोडून सरपण केले, आणि कालचा बागायतदार पुन्हा कामाच्या मागणीच्या रांगेत आला. हमीच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता तिला लागणारे पाणी उभे न करता दिली तर काय होते, हे त्या उन्हाळ्यात दिसले.

जालना तालुक्यातल्या कडवंची गावात क्रम उलटा होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने, तिथे आधी माथ्यावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, मग नाल्यावरचे बंधारे अशी कामे झाली. ती रोजगार हमीची नव्हती, पण मजुरी मात्र गावातल्याच लोकांना मिळाली. पाणी मुरल्यावर शेततळी आली आणि शेततळ्यांवर द्राक्षबागा. दुष्काळातही गाव टिकले आणि आसपासच्या गावांतले मजूर बागांत कामाला येऊ लागले. हे प्रत्येक गावात जमेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कडवंचीला उतार, माती आणि चिकाटीने पाठपुरावा करणारी माणसे तिन्ही लाभली.

केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला आणि १ एप्रिल २००८ पर्यंत देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला जुना कायदा रद्द न करता दुरुस्त केला, आणि हे शहाणपणाचे होते. कारण केंद्राची हमी कुटुंबामागे आर्थिक वर्षात १०० दिवसांची होती, तर राज्याची वर्षभराची. पहिल्या १०० दिवसांचा खर्च केंद्राच्या निधीतून, त्यापुढचा राज्याने सोसायचा अशी वाटणी ठरली. तालुक्यात तहसीलदार कार्यक्रम अधिकारी झाला, गटविकास अधिकारी त्याचा जोडीदार, आणि गावात ग्राम रोजगार सेवक आला. नमुना ४ मधला कामाचा अर्ज भरून घेणे, पोच देणे, हजेरी लावणे हे सगळे त्याच्याकडे.

नव्या कायद्याने भत्त्याला अर्थ दिला. पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर किमान निम्मा. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला २९७ रुपये होता, म्हणजे भत्ता आधी ७४ रुपये २५ पैसे आणि मग १४८ रुपये ५० पैसे. हा भत्ता देणे केव्हा थांबे, हेही त्या कायद्यात होते: कामावर हजर व्हा असे कळवले तेव्हा, मागितलेली मुदत उलटून घरातले कोणीच कामावर आले नाही तेव्हा, घराचे १०० दिवस भरले तेव्हा, किंवा मजुरी आणि भत्ता मिळून १०० दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम झाली तेव्हा. काम नाकारले, पंधरा दिवसांत हजर झाले नाही किंवा न सांगता आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले तर तीन महिने भत्ता बंद.

या कायद्यात एक गाठ मात्र मारून ठेवली होती. मजुरी केंद्र देई आणि भत्ता राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा. काम काढायला राज्याला प्रोत्साहन मिळावे हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात कामापेक्षा मागणीची नोंदच टाळणे सोपे ठरले. संगणकात मागणीची तारीख काम सुरू झाल्यानंतर टाकली की भत्ता लागूच होत नसे. म्हणून पोचेचे जुने महत्त्व कमी झाले नाही. मजुरी उशिरा मिळाली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई हा आणखी एक दावा जमा झाला. २०२३ पासून हजेरी मोबाइलवरच्या फोटोने आणि २०२४ पासून मजुरी आधारजोडणी झालेल्या खात्यात, असे नियम आले आणि दावा अडायच्या नव्या जागा तयार झाल्या: रेंज नाही, नाव जुळत नाही, खाते दुसऱ्याच बँकेला जोडलेले.

शहराची तऱ्हा निराळी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, आणि रोजगार हमी फक्त ग्रामीण भागासाठी. तिथल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचाच आसरा. तिच्यात १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून कारखाना बंद पडलेल्या किंवा छाटणी झालेल्या विमाधारकाला भत्ता सुरू झाला. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली: आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर हे प्रमाण ५० टक्के झाले, आणि मालकाची सही न घेता अर्ज थेट विमा कार्यालयात द्यायची मुभा मिळाली. वर्गणी भरलेली असणे ही मूळ अट मात्र कायम. ठेकेदाराकडे रोजावर लागलेल्या आणि विमा क्रमांकच नसलेल्या मजुराला यातले काहीच लागू पडत नाही.

गावाकडे १०० दिवसांची आखणी अनुभवातून बसत गेली. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि तोच उन्हाळ्याचा ऐन काळ. घरातल्या सगळ्यांचे दिवस एकत्र मोजले जात असल्याने चार माणसे एकदम कामावर गेली तर एप्रिल-मेमध्येच पंचवीस हजेऱ्यांत १०० दिवस संपत आणि पुढच्या मार्चपर्यंत केंद्राचे खाते रिकामे. म्हणून ऊसतोडीला न जाणारी घरे दोघांनाच कामावर पाठवून साठ-सत्तर दिवस मृगापर्यंत वापरत आणि उरलेले जानेवारीनंतरच्या सुगी आटोपलेल्या आठवड्यांसाठी राखत. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी केंद्राने ५० दिवस वाढवून दिले, जसे २०१५ मध्ये. १०० दिवसांनंतर राज्याच्या खर्चाने काम मागता येई, पण त्यासाठी पुन्हा नमुना ४ भरावा लागे आणि पुन्हा तारखेसह पोच घ्यावी लागे.